संघीय गृहकर्ज बँकव्यवस्था

संघीय गृहकर्ज बँकव्यवस्था : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थानिक पतसंस्थांना घरबांधणीसाठी व वस्तीविकासासाठी घाऊक दराने, आणि काही कार्यक्रमांखाली त्याहूनही कमी दराने, निधी पुरविणारी प्रादेशिक बँकांची संघटना. या बँका सामान्य नागरिकांशी प्रत्यक्ष व्यवहार करीत नाहीत. त्यांचे ग्राहक म्हणजे त्यांचे सभासद : बचत व कर्ज संस्था, व्यापारी बँका, पतसंघ, विमा कंपन्या आणि अलीकडे समुदाय-विकास वित्तसंस्था. सभासदांनी भागभांडवल पुरवावयाचे, आपल्याजवळची गहाणखते तारण म्हणून ठेवावयाची आणि त्यांच्या बळावर दीर्घ किंवा अल्प मुदतीची अग्रिमे उचलावयाची, असा व्यवहार असतो. मराठी वाचकाला परिचित असलेल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक व प्राथमिक संस्था यांच्या नात्याशी त्याचे साम्य आहे. मात्र या बँका ठेवींवर नव्हे, तर रोखेबाजारातून उभारलेल्या पैशावर चालतात, हा मोठा फरक आहे.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील पहिली गृहबांधणी-कर्ज संस्था १८३१ मध्ये फिलाडेल्फियाजवळील फ्रँकफर्ड येथे ‘ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट बिल्डिंग असोसिएशन’ या नावाने सुरू झाली. काही शेजाऱ्यांनी दरमहा थोडी रक्कम जमा करावी आणि जमेल तसे एकेकाने घर घ्यावे, अशी ती भिशीसारखी योजना होती. पुढील शतकात अशा हजारो संस्था देशभर पसरल्या. त्यांच्या मुळाशी एक दुबळेपणा मात्र राहिला. ठेवीदार पैसे अल्पकाळासाठी ठेवीत आणि कर्जे दीर्घकाळ अडकून पडत. गावातली गिरणी बंद पडली, की ठेवी काढून घेण्याची वेळ आणि कर्जाचे हप्ते थकण्याची वेळ एकच येई. अशा वेळी व्यापारी बँकेला फेडरल रिझर्व्हकडे जाता येई. गृहबांधणी-कर्ज संस्थेला जाण्यास जागा नव्हती. बँका व विमा कंपन्या देत असलेली गहाण कर्जेही त्या काळी बहुधा तीन ते पाच वर्षांची असत आणि मुदतीच्या अखेरीस मुद्दल एकरकमी फेडावे लागे किंवा कर्जाचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. १९२९ नंतरच्या महामंदीत नूतनीकरण थांबले आणि घरे जप्त होऊ लागली. १९३३ च्या सुमारास दररोज सुमारे एक हजार घरांवर जप्ती येत होती.

या पार्श्वभूमीवर अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी २२ जुलै १९३२ रोजी संघीय गृहकर्ज बँक अधिनियमावर स्वाक्षरी केली. देशाचे बारा विभाग पाडून प्रत्येकात एक बँक स्थापन करण्यात आली. सरकारी कोषाने सुमारे १२.५ कोटी डॉलरचे प्रारंभिक भाग घेतले. ही रक्कम १९५१ पर्यंत पूर्णपणे परत करण्यात आली आणि बँका सर्वस्वी सभासदांच्या मालकीच्या झाल्या. मूळ अधिनियमात घरमालकांना या बँकांकडून थेट कर्ज मिळण्याची सोय होती. तिचा अनुभव बोलका आहे : सुमारे ४१,००० अर्ज आले आणि त्यांतील अवघे तीन मंजूर झाल्याची नोंद इतिहासकारांनी केली आहे. ती तरतूद पुढे काढून टाकण्यात आली. संकटात सापडलेल्या कर्जदारांसाठी १९३३ मध्ये ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ हे स्वतंत्र महामंडळ काढावे लागले आणि त्याने सुमारे दहा लाख गहाण कर्जे दीर्घ मुदतीच्या, समान हप्त्यांच्या कर्जांत बदलून दिली. घाऊक बँक आणि किरकोळ कर्जदार यांच्यामध्ये स्थानिक संस्था असावी, हे तत्त्व तेव्हापासून या व्यवस्थेत कायम झाले. त्याचे लाभ आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही पुढील सर्व इतिहासात दिसतात.

निधी स्वस्त का पडतो : सर्व प्रादेशिक बँका मिळून ‘एकत्रित कर्जरोखे’ विक्रीस काढतात, हे काम वित्त कार्यालय नावाची सामाईक यंत्रणा पाहते. कोणत्याही एका बँकेने परतफेड चुकविली तर इतर सर्व बँका संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. रोख्यांना सरकारची हमी नसते, आणि तसे त्यांवर स्पष्टपणे नमूदही केलेले असते. तथापि बँका काँग्रेसच्या कायद्याने निर्माण झालेल्या असल्याने प्रसंग आल्यास सरकार त्यांना बुडू देणार नाही, असे गुंतवणूकदार धरून चालतात. शिवाय बँकांना आयकर माफ आहे. यामुळे सरकारी रोख्यांपेक्षा किंचितच अधिक व्याज देऊन त्यांना पैसा मिळतो. अग्रिमे तारणावर व तारणाच्या किंमतीत पुरेशी सूट धरूनच दिली जातात. १९८७ च्या कायद्यानुसार सभासद संस्था बुडाल्यास या बँकांच्या दाव्याला इतर बहुतेक धनकोंच्या आधी स्थान मिळते. स्थापनेपासून एकाही अग्रिमावर तोटा सोसावा लागलेला नाही, असे त्या अभिमानाने सांगतात. ते खरे असले, तरी त्या तोट्याचा भार अशा वेळी ठेव-विमा निधीकडे सरकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

लाल रेघेचा प्रश्न : स्वस्त निधी स्थानिक संस्थेच्या हाती दिला म्हणजे तो गरजू वस्तीपर्यंत पोचतोच, असे नाही. १९३० नंतरच्या दशकात वर उल्लेखिलेल्या महामंडळाने शहरांचे नकाशे तयार करून त्यांतील वस्त्यांना पतयोग्यतेनुसार रंग दिले. जुन्या घरांच्या आणि विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखविल्या गेल्या. कर्जनकाराचे मूळ या नकाशांतच होते की ते आधीच रूढ असलेल्या प्रथेचे केवळ चित्र होते, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु १९३४ पासून गृहकर्जांना विमा देणाऱ्या संघीय यंत्रणेनेही त्याच धर्तीचे निकष वापरले आणि कित्येक दशके अशा वस्त्यांतील ठेवी घेणाऱ्या संस्था तेथेच कर्ज नाकारीत राहिल्या, याबद्दल वाद नाही.

या प्रथेला पहिला परिणामकारक अटकाव एखाद्या मंत्रालयाने नव्हे, तर पिट्‌सबर्गच्या उत्तर भागातील रहिवाशांनी केला. डोरोथी मे रिचर्डसन या गृहिणीच्या पुढाकाराने तेथील लोकांनी स्थानिक बँकांना दुरुस्ती-कर्जे देण्यास आणि नगरपालिकेला रस्ते व सांडपाण्याची सोय सुधारण्यास राजी केले. ज्यांना बँकेचे निकष पाळणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी वेगळा फिरता निधी उभारण्यात आला. १९६८ मधील या प्रयोगातून ‘नेबरहूड हाउसिंग सर्व्हिसेस’ ही संस्था जन्मली. तिची पद्धत संघीय गृहकर्ज बँक मंडळाने हेरली आणि १९७० नंतरच्या दशकात इतर शहरांत तिचा प्रसार केला. १९७८ मध्ये काँग्रेसने त्यासाठी ‘नेबरहूड रीइन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन’ हे महामंडळ स्थापन केले. दरम्यान शिकागोच्या गेल सिंकोटा यांच्यासारख्या वस्ती-संघटकांच्या आंदोलनामुळे १९७५ मध्ये गृहकर्जांची वस्तीवार आकडेवारी उघड करण्याचा कायदा झाला. सेनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये समुदाय-पुनर्गुंतवणूक कायदा झाला, आणि ज्या भागातून ठेवी घ्यावयाच्या त्या भागाच्या पतगरजा भागविण्याचे दायित्व बँकांवर आले. लगेच १९७८ मध्ये गृहकर्ज बँक मंडळाने पाच वर्षांसाठी १० अब्ज डॉलरचा ‘समुदाय गुंतवणूक निधी’ जाहीर केला. जुन्या शहरी वस्त्यांत कर्जे देणाऱ्या सभासदांना त्यातून नेहमीपेक्षा कमी दराने अग्रिमे मिळावयाची होती. आजच्या सवलत-कार्यक्रमांचे मूळ या निधीत आहे.

१९८९ चा कायदा : सवलतीला वैधानिक स्वरूप येण्यास एक मोठी पडझड कारणीभूत झाली. १९७९ नंतर व्याजदर झपाट्याने चढले. सहा-सात टक्क्यांनी तीस वर्षांसाठी दिलेली कर्जे हाती असताना ठेवींवर त्याहून कितीतरी अधिक व्याज देण्याची वेळ बचत संस्थांवर आली. नियंत्रणे सैल करून त्यांना जोखमीच्या व्यवसायांत शिरू दिल्याने दुखणे वाढले. १९८६ ते १९९५ या काळात १,०४३ बचत संस्था बंद झाल्या आणि करदात्यांवर सुमारे १२४ अब्ज डॉलरचा बोजा पडला. ऑगस्ट १९८९ च्या वित्तसंस्था सुधारणा कायद्याने जुने गृहकर्ज बँक मंडळ बरखास्त झाले. व्यापारी बँका व पतसंघ यांना सभासदत्व खुले झाले आणि संकटनिवारणाच्या खर्चाचा काही भाग या बँकांच्या नफ्यावर टाकला गेला. एवढा पैसा बचत संस्थांसाठी खर्च होत असताना ज्यांना घर परवडत नाही त्यांच्या वाट्याला काय, हा प्रश्न प्रतिनिधिगृहाच्या बँकविषयक समितीचे अध्यक्ष हेन्री गोन्झालेस आणि त्यांचे सहकारी यांनी लावून धरला. त्यातून दोन तरतुदी कायद्यात आल्या : समुदाय गुंतवणूक कार्यक्रम आणि परवडणारी घरे कार्यक्रम. दोन्हींची नावे नेहमी एकत्र घेतली जात असली, तरी त्यांचे अर्थकारण भिन्न आहे.

समुदाय गुंतवणूक कार्यक्रमात अनुदान नसते. प्रादेशिक बँकेने नेहमीचा नफा सोडून द्यावयाचा आणि समान मुदतीच्या एकत्रित रोख्यांवर तिला जो खर्च येतो तो, अधिक वाजवी प्रशासकीय खर्च, एवढ्याच दराने सभासदाला अग्रिम द्यावयाचे, अशी योजना आहे. घरांच्या बाबतीत लाभार्थी कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपर्यंत असावे लागते. दुकाने, दवाखाने, पाळणाघरे, पाणीपुरवठा, लघुउद्योग यांसारख्या आर्थिक विकासाच्या कामांत ८० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना किंवा तशा वस्तीला लाभ झाला पाहिजे. १९९८ च्या नियमांनी याच जातीची आणखी अग्रिमे मान्य केली. त्यांत शहरी विकासासाठी १०० टक्के व ग्रामीण विकासासाठी ११५ टक्के अशा उत्पन्न-मर्यादा आहेत. येथे ‘मध्यम उत्पन्न’ म्हणजे सरासरी नव्हे. भागातील सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने मांडली असता मधोमध येणाऱ्या कुटुंबाचे ते उत्पन्न होय. मर्यादा स्थानिक असल्याने महानगरातील पात्र कुटुंब एखाद्या ग्रामीण परगण्यात सुस्थितीतील गणले जाऊ शकते.

परवडणारी घरे कार्यक्रम हा खऱ्या अर्थाने अनुदानाचा आहे. प्रत्येक बँकेने निव्वळ उत्पन्नाचा ठराविक हिस्सा त्यासाठी बाजूला काढावा लागतो. १९९० मध्ये हा हिस्सा ५ टक्के होता. १९९५ पासून तो १० टक्के आहे आणि सर्व बँकांची मिळून रक्कम वर्षाला किमान १० कोटी डॉलर असावी अशी अट आहे. रकमेचा मोठा भाग स्पर्धेने वाटला जातो. ना-नफा संस्था, स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण किंवा विकासक यांनी सभासद बँकेमार्फत अर्ज करावयाचा आणि अर्जांना गुण देऊन क्रम लावावयाचा, अशी पद्धत आहे. स्वतःच्या घरासाठी साहाय्य घेणाऱ्याचे उत्पन्न मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत असावे लागते. भाड्याच्या प्रकल्पात किमान २० टक्के घरे ५० टक्के किंवा त्याहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखावी लागतात व ही अट पंधरा वर्षे पाळावी लागते. उरलेला भाग सभासद बँका पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना आरंभीची रक्कम भरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी लहान अनुदाने म्हणून देतात. अनुदान व्याजात सूट देऊनही देता येते. मात्र ते बँकेने स्वतःकडे न ठेवता पूर्णपणे लाभार्थ्यापर्यंत पोचविले पाहिजे, असे बंधन आहे. प्रत्येक प्रादेशिक बँकेला समुदाय-संस्थांच्या ७ ते १५ प्रतिनिधींची सल्लागार परिषद नेमावी लागते. १९९० पासून या कार्यक्रमाचा लाभ दहा लाखांहून अधिक कुटुंबांना झाला आहे.

सवलतीचे मोल : दोन कार्यक्रमांतील भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. चाळीस घरांची एक भाड्याची इमारत ५० लाख डॉलर खर्चून बांधावयाची आहे आणि सर्व रक्कम तीस वर्षांच्या मुदतीने ६ टक्के दराने कर्जाऊ मिळते असे मानू. मासिक हप्ता सुमारे २९,९८० डॉलर, म्हणजे दर घरामागे सुमारे ७४९ डॉलर पडतो. सवलतीच्या अग्रिमामुळे दर पाव टक्क्याने उतरला आणि ती सवलत स्थानिक बँकेने पूर्णपणे पुढे दिली, तर दर घरामागील हप्ता सुमारे २० डॉलरने कमी होईल. याउलट दर तोच ठेवून ५ लाख डॉलरचे अनुदान मिळाले, तर हप्ता सुमारे ७५ डॉलरने उतरेल. दोन्ही मिळाल्यास घट सुमारे ९३ डॉलर होईल. देखभाल, विमा व कर यांचा खर्च या हिशेबात धरलेला नाही, आणि तो व्याजसवलतीने कमी होत नाही. यावरून दिसते, की दरातील सवलत ही मुळात फेड करू शकणाऱ्या, परंतु थोडक्यात अडलेल्या प्रकल्पांना पुरी पडते. अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना घर परवडावयाचे तर भांडवली अनुदानच लागते, आणि तेही बहुधा एका ठिकाणाहून पुरेसे मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेतील असे प्रकल्प करसवलत, राज्याचा निधी, नगरपालिकेची जमीन आणि या बँकांचे अनुदान असे चार-पाच ठिकाणचे पैसे जोडून उभे राहतात. प्रत्येक दात्याचे अर्ज, अटी व तपासण्या निराळ्या असल्याने जुळवाजुळवीत बराच काळ व पैसा जातो.

सवलतीचे दुसरे मोल पैशात मोजता येत नाही. एखाद्या लहान गावातील बँकेजवळ पुरेशा ठेवी असल्या तरी त्या अल्प मुदतीच्या असतात. वीस वर्षांचे स्थिर दराचे कर्ज दिल्यास ती नेमक्या १९७९ नंतरच्या बचत संस्थांच्या पेचात सापडते. समान मुदतीचे अग्रिम मिळाल्याने व्याजदराची जोखीम तिच्या माथ्यावरून उतरते. पुष्कळ स्थानिक बँकांना या कार्यक्रमांचे खरे आकर्षण दराच्या अंशात्मक घटीपेक्षा मुदतीच्या या जुळणीत आहे, असे म्हणता येईल.

१९८९ च्या कायद्यानेच सभासदांवर एक प्रतिबंधक अटही घातली. समुदाय-पुनर्गुंतवणुकीतील कामगिरी आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना दिलेली कर्जे यांवरून सभासदाची समुदाय-साहाय्य कसोटी घेतली जाते आणि तीत उणा ठरणाऱ्याला दीर्घ मुदतीची अग्रिमे नाकारता येतात. विमा कंपन्यांना मात्र पुनर्गुंतवणूक कायदा लागू नसल्याने त्यांच्या बाबतीत ही कसोटी सौम्य ठरते.

नंतरचे फेरबदल : १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने लहान समुदाय-बँकांना लघुउद्योग व शेतीची कर्जेही तारण ठेवण्याची मुभा दिली. जुलै २००८ च्या कायद्याने नियंत्रणाचे काम संघीय गृहवित्त अभिकरणाकडे गेले आणि समुदाय-विकास वित्तसंस्थांना सभासदत्व खुले झाले. २०१५ मध्ये सिॲटलची बँक दे मॉइनच्या बँकेत विलीन झाल्याने बारांच्या अकरा बँका राहिल्या.

टीका : या व्यवस्थेचे मूळ उद्दिष्ट आणि आजचा व्यवहार यांत अंतर पडले आहे, असा आक्षेप घेतला जातो. २००८ च्या वित्तसंकटात अग्रिमांची रक्कम एक हजार अब्ज डॉलरवर गेली. २०२१ च्या अखेरीस ती सुमारे ३५० अब्जांपर्यंत उतरली आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा एक हजार अब्जांपलीकडे पोचली. त्या वेळी सिलिकॉन व्हॅली बँक, सिग्नेचर बँक व फर्स्ट रिपब्लिक बँक या बुडालेल्या बँका मोठ्या कर्जदारांपैकी होत्या. घरबांधणीशी या चढउताराचा फारसा संबंध नव्हता. तो रोखतेच्या गरजेचा होता. अनुदानाचा हिस्सा नफ्याशी बांधलेला असल्याने त्याचा परिणाम मात्र घरांवर झाला. बँकांचे एकत्रित निव्वळ उत्पन्न २०२१ मध्ये २ अब्ज डॉलरपेक्षा कमी होते, तर २०२३ मध्ये ६ अब्जांपेक्षा अधिक झाले. म्हणजे वित्तव्यवस्थेची रोखतेची तहान वाढली की गरिबांच्या घरांचा निधी वाढावा आणि ती शमली की आटावा, असा विचित्र मेळ या रचनेत आहे. घराची गरज त्या लयीने वाढत-घटत नाही.

काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या अंदाजानुसार करमाफी व गृहीत सरकारी आधार यांमुळे या बँकांना त्या वर्षी मिळणारा लाभ सुमारे ७ अब्ज डॉलर होता. त्याच्या तुलनेत परवडणाऱ्या घरांवर होणारा खर्च फार थोडा आहे, अशी टीका होते. बँकांचे म्हणणे असे, की लाभाचा मोठा भाग स्वस्त अग्रिमांच्या रूपाने सभासदांकडे व त्यांच्यामार्फत कर्जदारांकडे जातो. हे काही अंशी खरे असले, तरी किती अंशी, हे स्थानिक बाजारातील स्पर्धेवर अवलंबून असते. एकुलती एक बँक असलेल्या गावात सवलत बँकेच्या नफ्यात विरून जाणे अशक्य नाही. नियंत्रक अभिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधील आपल्या सविस्तर अहवालात गृहनिर्माण व समुदाय-विकास या उद्दिष्टाला अधिक ठाशीव स्थान देण्याची शिफारस केली. अनुदानाचा हिस्सा वाढविण्यास मात्र काँग्रेसने कायदा बदलणे आवश्यक आहे.

भारतातील तुलना : भारतात या स्वरूपाचे काम राष्ट्रीय गृहनिर्माण बँक करते. १९८७ च्या अधिनियमानुसार ती ९ जुलै १९८८ रोजी स्थापन झाली. आरंभी तिची मालकी रिझर्व्ह बँकेकडे होती; २०१९ मध्ये ती केंद्र सरकारकडे आली आणि त्याच वर्षी गृहवित्त कंपन्यांच्या नियमनाचे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे गेले. बँका व गृहवित्त कंपन्या यांना ती पुनर्वित्त देते. ग्रामीण गृहनिर्माण निधी (२००८-०९) आणि परवडणारी घरे निधी (२०१८-१९) यांसाठी अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाचे उद्दिष्ट न गाठणाऱ्या बँकांच्या तुटीची रक्कम वापरण्यात आली. अशा निधीतून पुनर्वित्त घेणाऱ्या संस्थेने अंतिम कर्जदाराकडून किती व्याज घ्यावे यावर मर्यादा घातली जाते, म्हणजे सवलत मध्येच मुरण्याचा प्रश्न येथे नियमानेच हाताळला आहे. अमेरिकी व्यवस्थेप्रमाणे कर्ज घेणाऱ्या संस्थांची मालकी मात्र येथे नाही, आणि नफ्याचा ठराविक हिस्सा अनुदानासाठी काढण्याचे वैधानिक बंधनही नाही.